याओस्काची साक्ष

सान होसे
४ ऑक्टोबर

हायदेताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. यात माझं रडगाणं नाही. काल तुझ्या मुलीने इथल्या विधानसभेत साक्ष दिली. मी त्याच खोलीत होते. तिच्या मागे सहा पावलांवर, हातात पाण्याचा जग घेऊन.

तुला वाटत असेल मी अजून लोकांच्या बंगल्यांतल्या फरशा पुसते. सात वर्षं झाली ते सोडून. आता मी विधानसभेत शिपाई आहे. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. समितीच्या खोलीत पाणी भरून ठेवायचं, टेबलावर नावांच्या पाट्या मांडायच्या, या टोकाचा कागद त्या टोकाला न्यायचा, आणि कुणी बोलत असताना बुटांचा आवाज होऊ द्यायचा नाही. इमारत नवी आहे, सगळी काँक्रीटची. आत आलं की बाहेर ऊन आहे की पाऊस ते कळत नाही. पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तेव्हा आवाज खाली आला माझा, आपोआप. अजूनही येतो. एवेलिओकाका, माझ्याबरोबरचे म्हातारे शिपाई, म्हणतात, "मेल्बा, तू इथे चर्चमध्ये आल्यासारखी चालतेस." खरंच आहे ते. ज्या देशात मी चोरून शिरले, त्या देशाचे कायदे माझ्या डोळ्यांसमोर होतात, याची मला अजून सवय झालेली नाही.

ऑक्टोबर म्हणजे अर्थसंकल्पाचा महिना. विटेएवढं जाड पुस्तक असतं. त्यातली एकेक ओळ म्हणजे कुठला तरी दवाखाना, कुठला तरी पूल, कुणाचा तरी पगार. अकरा आमदार बसतात आणि एकेक ओळ ठेवतात किंवा खोडतात. यंदा त्यांच्यातल्या आर्नुल्फो साहेबांनी जी ओळ खोडायला काढली, ती म्हणजे कागदांची गाडी. उत्तरेला अननसाच्या मळ्यांवर फिरते ती. आत दोन कारकून, एक छपाईचं यंत्र, अंगठे घ्यायची पेटी. आपल्याकडून आलेले मजूर मळा सोडून शहरात येऊ शकत नाहीत, म्हणून राहायचा परवाना देणारी कचेरीच त्यांच्याकडे जाते. याओस्का गेलं वर्षभर कॉलेज सांभाळून त्या गाडीवर लोकांचे अर्ज भरून देते. अठरा पूर्ण झाल्यावर तिचा स्वतःचा अर्जही त्याच गाडीवर भरलेला आहे. गाडी बंद झाली तर तोही गेला.

हे सगळं मला माहीत होतं. ती बोलायला येणार आहे हे मात्र माहीत नव्हतं. सकाळी पाट्यांचा गठ्ठा उलगडला, आमदारांच्या अकरा मांडल्या, आणि बारावी हातात आली: याओस्का तेयेस ओबांदो. ताई, मी ती पाटी दोनदा पुसली. तिच्यावर धूळ नव्हती.

मग दारातून ती आली. पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. दारापासून साक्षीच्या खुर्चीपर्यंत वीस-बावीस पावलं असतील. जो पाय जन्मतः आत वळला होता, जो बघून शेजारच्या बाया तुला नवस सुचवायच्या, त्या पायाने ती सरळ चालत आली. जवळून गेली तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. ठरवूनच.

त्या खुर्चीत मी मंत्री बसलेले पाहिलेत. त्यांचा घसा कोरडा पडतो, दर दोन वाक्यांना मला जग घेऊन धावावं लागतं. ही अर्धा तास बोलली आणि ग्लासला हात लावला नाही. मळ्यावरच्या एका बाईचं सांगितलं, जिला बाळंतपणाला दवाखान्यात जायची भीती वाटत होती. एका म्हाताऱ्याचं सांगितलं, एकोणीस वर्षं अननस कापतो आणि पेन्शनच्या यादीत त्याचं नाव नाही. कुठे आवाज चढवला नाही. कुणाला दोष दिला नाही.

मग आर्नुल्फो साहेब पुढे झुकले. "मुली, तू स्वतः कधी आलीस?"

"सहा वर्षांची असताना, साहेब. पायाच्या ऑपरेशनसाठी."

"आणि आता एकोणीस. म्हणजे तेरा वर्षं. तेरा वर्षांत कागद करावेसे वाटले नाहीत?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

ती म्हणाली, "लहान मुलाच्या अर्जावर आईची सही लागते, साहेब. आई नदीच्या पलीकडे, मी अलीकडे. सही मागायला पलीकडे जावं, तर परत यायला कागद लागतात. आणि कागद करायला सही लागते."

एवढंच. लिहून घेणारी मुलगी असते तिथे, बोललेला शब्दन् शब्द टिपते. तिचे हात क्षणभर थांबले. मी सात वर्षांत ते हात थांबलेले पाहिले नव्हते. ताई, ते वाक्य आता छापलं जाईल. ते या देशाच्या दप्तरात राहील, आपण सगळे मेल्यावरही. सान कार्लोसच्या धक्क्यावर गणवेश शिवणाऱ्या हायदे ओबांदोची मुलगी काय म्हणाली ते कुणीही उघडून वाचू शकेल.

मग वेळ संपली आणि ती उठून गेली.

ती तुला फोनवर हे सांगणार नाही. "आईला वाटेल बढाया मारते," म्हणाली. म्हणून मी सांगितलं.

मेल्बा


सान होसे
११ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही आणि येईल असं मला वाटलंही नव्हतं. पण पत्र टाकल्यापासून मला चैन नाही. मी लिहिलं की मग वेळ संपली. वेळ संपली नव्हती.

आर्नुल्फो साहेब वकील आहेत. त्यांना वाक्य आवडलं, ते तोंडावर दिसलं, पण त्यातलं भोकही दिसलं. ते म्हणाले, "तू इथे कुणाजवळ राहतेस?"

"मावशीजवळ."

"मावशीकडे कागद आहेत?"

"आहेत. ती इथल्या माणसाशी लग्न करून नागरिक झाली."

"मग मावशीला जाता आलं असतं की सही आणायला. पूल ओलांडून दिवसाभरात परत. का गेली नाही ती?"

ताई, मी भिंतीला टेकून उभी होते. त्या खोलीत एकाही माणसाला माहीत नाही की मी नदीपलीकडच्या देशातली आहे. शब्दातला शेवटचा 'स' गिळायची आपली सवय मी आरशासमोर उभी राहून घालवली. कॅन्टीनमध्ये पलीकडच्यांवर विनोद होतात, तेव्हा मीही हसते. सगळ्यांच्या आधी हसते, म्हणजे कुणी माझ्याकडे बघत नाही.

मला वाटलं, आता याओस्का मागे वळून बोट दाखवणार. दाखवलं असतं तरी तिचं चुकलं नसतं.

ती म्हणाली, "तिला जाता आलं असतं. ती गेली नाही. का, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

"मग दोष गाडीच्या अभावाचा नाही. तुझ्या मावशीचा आहे."

"असेल. त्याचं काय करायचं ते मी आणि माझी आई बघू, साहेब. तो आमच्या घरातला विषय आहे. पण मळ्यावर चारशे मुलं अशी आहेत, ज्यांना माझ्यासारखी मावशीसुद्धा नाही. माझ्या मावशीच्या नावाने त्यांची ओळ खोडू नका."

समितीच्या अध्यक्षबाईंनी हातोडी हलकेच टेबलावर ठेवली, आपटली नाही. म्हणाल्या, "साक्षीदाराचे आभार." मग वेळ संपली.

"ती मावशी मी," हे तीन शब्द माझ्या तोंडात तयार होते. बोलले नाही. पुढच्या साक्षीदारासाठी ग्लास बदलला आणि याओस्काचा भरलेला ग्लास बाहेर नेऊन मोरीत ओतला.

घरी आल्यावर ती भात आणि घेवडा परतत होती. पाठमोरीच म्हणाली, "मावशी, आधी सांगितलं असतं तर तू कामाची पाळी बदलून घेतली असतीस. मला तू तिथे हवी होतीस." मी विचारलं, माझा राग येत नाही का तुला. ती म्हणाली, "येतो की. पण राग आला म्हणून जेवायला वाढायचं थांबवते का मी? बस."

आता तुझ्याशी बोलते.

आठ वर्षांपूर्वी डिसेंबरात मी तुला फोन केला की रस्ता वाहून गेलाय, बस बंद आहेत, ठरल्याप्रमाणे तिला तुझ्याकडे परत आणून सोडता येत नाही. तू सकाळपासून पुलाच्या तोंडाशी उभी होतीस. त्याच बसमधून उतरलेल्या बायका तुला भेटल्या आणि तुला कळलं की रस्ता चांगला होता. एवढं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

आम्ही थांब्यावर आलो होतो, ताई. पिशवी भरलेली होती. तुझ्यासाठी तिने शाळेत केलेली मातीची कोंबडी वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली होती. बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "चढताय ना बाई?" आणि मी म्हटलं, "नाही, आम्ही दुसऱ्या बसची वाट बघतोय." दुसरी बस नव्हतीच. ती अकरा वर्षांची होती, तिला वाचता येत होतं, बसच्या कपाळावर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खांद्यावरून खाली घेतली. काही विचारलं नाही. तेव्हाही नाही, आजपर्यंतही नाही.

ऑपरेशनं संपली होती. डॉक्टरांनी पाय बरा झाला म्हणून लिहून दिलं होतं. मी स्वतःला सांगत राहिले की तिकडे फिजिओथेरपी कुठली, शाळा कुठली. खरं कारण एवढंच की हेर्नान वर्षभरापूर्वी वारला होता, घरात नवरा नाही, मूल नाही, आणि संध्याकाळी तिच्या पायाला तेल लावताना ती मला दिवसभराचं सांगायची. तू सहा महिन्यांसाठी म्हणून दिलेली, ऑपरेशनांपायी पाच वर्षं राहिलेली मुलगी मी ठेवून घेतली. मग सहीसाठी तुझ्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? तू सही केली नसतीस म्हणून नव्हे. मुकाट्याने केली असतीस आणि ते मला सोसलं नसतं, याची भीती होती.

म्हणून ती तेरा वर्षं बिनकागदाची राहिली. गाडीमुळे नव्हे, कायद्यामुळे नव्हे. माझ्यामुळे. आणि हे सगळं ठाऊक असलेल्या पोरीने अकरा आमदारांसमोर मला झाकलंही नाही आणि उघडंही पाडलं नाही. असं कसं जमतं माणसाला? मी तिला वाढवलं म्हणतात लोक. मी तिला हे शिकवलेलं नाही. हे तुझ्याकडून आलं असणार.

मेल्बा


सान होसे
२० ऑक्टोबर

ताई,

आज मतदान झालं.

सकाळपासून खोली गच्च भरलेली. गाडीची ओळ दुपारी निघाली. त्याआधी आर्नुल्फो साहेबांनी बोट वर केलं, म्हणजे पाणी. मी गेले, ग्लास भरला. ते कागदांत डोकं घालून होते. सहज विचारावं तसं विचारलं, "तू कुठल्या गावची गं, मेल्बा? इतकी वर्षं झाली, कधी विचारलंच नाही."

मी नेहमी पुंतारेनास सांगते. समुद्राकाठचं गाव, कुणी जास्त विचारत नाही.

मी म्हटलं, "सान कार्लोसची, साहेब."

"म्हणजे आमच्या उत्तरेकडचं सान कार्लोस?"

"नाही साहेब. नदीपलीकडचं. ती मुलगी माझी भाची."

त्यांनी मान वर केली. मी पाहत होते त्यांच्याकडे, जग धरून. त्यांनी ग्लास उचलला, अर्धा प्यायले, खाली ठेवला. म्हणाले, "बस, जा." आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

मी भिंतीशी परत आले तर एवेलिओकाका कुजबुजले, "काय म्हणाले?"

"मी कुठली ते विचारत होते. सांगितलं."

"खरं सांगितलंस?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, पहिल्याच आठवड्यात तुझ्या पायावर खुर्ची पडली होती," काका म्हणाले, "तेव्हा तू जी शिवी दिलीस ना, ती आमच्याकडे कुणाला येत नाही. माझी सासू तुमच्याकडचीच. मला पाठ आहे ती."

सात वर्षं त्या माणसाने माझ्यासमोर पलीकडच्यांवर एकही विनोद केला नव्हता. मला ते आज लक्षात आलं.

मग अध्यक्षबाईंनी ओळ वाचली. क्रमांक, खातं, बाब. खोडावी म्हणणाऱ्यांनी हात वर करा. आर्नुल्फो साहेबांचा हात पहिला. मला वाटलं होतं, निदान थोडा उशिरा वर जाईल. नाही गेला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. त्यांच्याच पक्षाचा उत्तरेकडचा एक तरुण आमदार आहे. कधी बोलत नाही, सुनावणीत सतत फोन बघतो. सहावा हात त्याचा लागणार होता, त्याच्यावरच सगळं अडलं. त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते आणि तो त्या हातांकडेच बघत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी पाहिलं. मी पाहिलं. हात उठले नाहीत.

पाच. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ओळ कायम," आणि पुढचा क्रमांक वाचायला घेतला. रस्त्याच्या डांबराचा.

ताई, मी मोठे सोहळे पाहिलेत इथे. दुसऱ्या देशांचे राष्ट्राध्यक्ष आलेले पाहिलेत, वाजंत्री, झेंडे. पण एका माणसाने हात उचलला नाही, आणि तिकडे शंभर मैलांवर चिखलात एक गाडी चालत राहिली, यापुढे ते सगळं काहीच नाही. तो माणूस याओस्काच्या बोलण्याने थांबला की आणखी कशाने, मला माहीत नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही. उठला, फोन खिशात टाकला, गेला.

अजून मोठ्या सभागृहात हे सगळं जायचं आहे. पण काका म्हणतात, समितीत वाचलेली ओळ पुढे सहसा मरत नाही.

तू वाचतेस की नाही मला ठाऊक नाही. मी लिहीत राहीन.

मेल्बा


पुलाजवळ, सीमेवर
१६ फेब्रुवारी

ताई,

तिचं कार्ड मंगळवारी आलं. गाडीवरच्या कारकुनाने स्वतःच्या हाताने दिलं, आणि तिने ज्यांचे अर्ज भरले त्या बायकांनी मळ्यावर टाळ्या वाजवल्या म्हणे. पिवळसर कार्ड, फोटोत ती रागावल्यासारखी दिसते. मी तिला म्हटलं, आता जा. ती म्हणाली, मी आईला कळवलंय, शनिवारी दहा वाजता येते. मी म्हटलं, मी पुलापर्यंत पोचवायला येते, पुढे नाही.

सकाळची बस धरून आलो. खिडकीशी ती बसली. सगळ्या वाटेने अननसाचे मळे आणि लाल माती. तिने मध्येच चीजची पोळी काढून अर्धी मला दिली.

आता मी कचेरीसमोरच्या बाकावर बसून लिहिते आहे. गुडघ्यावर पिशवी, पिशवीवर वही. अक्षर वाकडं येतंय.

खिडकीतल्या माणसाने तिचं कार्ड घेतलं, उजेडाकडे धरलं, शिक्का मारला, परत दिलं. एवढंच झालं. कुणी काही विचारलं नाही. तेरा वर्षं ज्या गोष्टीने आम्हांला पोलिसाची गाडी दिसली की फुटपाथ बदलायला लावलं, ती एका शिक्क्यात संपली, आणि तो माणूस पुढच्याकडे हात करून जांभई देत होता. मला त्याच्या जांभईचंही नवल वाटलं. माझ्या मुलीच्या बाबतीत कुणाला जांभई यावी, एवढं ते साधं झालं होतं. 'माझ्या' असं लिहून गेले. तुझ्या.

ती वळून माझ्याजवळ आली, माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं, आणि चालायला लागली. मधल्या मोकळ्या पट्ट्यात सावली नाही. दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा. ती मधून गेली, न थांबता.

मग मी तुला पाहिलं. आधी ओळखलंच नाही. तू बारीक झाली आहेस, केस आखूड कापलेस. फाटकाच्या गजांना धरून उभी होतीस. ती समोर आली तेव्हा तू तिला मिठी मारली नाहीस. दोन पावलं मागे सरलीस आणि नुसती बघत राहिलीस, वरपासून खालपर्यंत, जशी मी त्या खोलीत बघत होते. मला ते बघणं ओळखू आलं. मग तिनेच तुला जवळ घेतलं. ती तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, ताई. तुझं डोकं तिच्या खांद्याखाली गेलं आणि मला दिसेनासं झालं.

थोड्या वेळाने तिने या बाजूला बोट केलं. तू इकडे पाहिलंस. मध्ये ट्रक आला. ट्रक गेला तरी तू पाहत होतीस. हात हलवला नाहीस, तोंडही फिरवलं नाहीस.

मी तुझ्याकडे माफी मागणार नाही, निदान पत्रात नाही. ती पोरगी एवढ्या माणसांसमोर उभी राहून बोलली. मला एकाच माणसासमोर बोलायचं आहे, तर ते कागदावर कशाला?

माझं ओळखपत्र पर्समध्ये आहे. खिडकीशी रांगेत चार माणसं आहेत. तू अजून तिथेच उभी आहेस, मला इथून दिसतेस. हे पत्र टपालात टाकत नाही. हातात देते.